मनुष्यबळ संचालक

मनुष्यबळ संचालक : उद्योगसंस्थेतील कर्मचाऱ्यांची भरती, नेमणूक, प्रशिक्षण, वेतन, बढती, शिस्त, कल्याण व सेवानिवृत्ती यांविषयीचे धोरण आखणारा आणि त्याची अंमलबजावणी करवून घेणारा वरिष्ठ अधिकारी. ‘मनुष्यबळ’ ही संज्ञा या अर्थाने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रूढ झाली. तत्पूर्वी याच स्वरूपाच्या कामासाठी कामगार अधिकारी, कल्याण अधिकारी, कर्मचारी अधिकारी, कर्मचारी व्यवस्थापक अशी पदनामे प्रचलित होती. पदनामे बदलत गेली, तरी या पदाच्या इतिहासातील मूळ प्रश्न कायम राहिला : कामगाराला कामावर घेण्याचा व कामावरून दूर करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा आणि तो वापरणाऱ्याची पात्रता कोणी ठरवावी. महाराष्ट्रात या प्रश्नाला मुंबईच्या कापड गिरण्यांत एक उत्तर मिळाले व वऱ्हाडातील कापूस पेठांत दुसरे. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्यासारख्या गावी कापसाचे कारखाने निघाले. परंतु गिरण्यांत उदयास आलेला पात्रताधारक अधिकारी तेथवर पोहोचला नाही. त्याची कारणे बऱ्याच अंशी कायद्यांनी ठरविलेल्या मर्यादांत सापडतात.

मुकादम व जॉबर : कारखानदारीच्या पहिल्या टप्प्यात मालक व कामगार यांच्यामध्ये मध्यस्थ असे. मुंबईच्या गिरण्यांत त्याला जॉबर, तर वऱ्हाड-खानदेशात मुकादम म्हणत. आपल्या गावातील, नात्यातील किंवा जातीतील माणसे गोळा करून आणणे, त्यांना यंत्रावर उभे करणे, हजेरी ठेवणे, रजा देणे, दंड करणे आणि प्रसंगी उचल म्हणून आगाऊ रक्कम देणे ही सर्व कामे तो करी. नोकरी मिळवून दिल्याबद्दल व ती टिकवून ठेवण्याबद्दल तो कामगारांकडून दस्तुरी घेई. आजच्या मनुष्यबळ विभागाची बहुतेक कामे अशा रीतीने एकाच माणसाच्या हाती एकवटली होती. त्यासाठी त्याला कोणतीही ठरीव पात्रता लागत नसे व त्याच्या निर्णयावर दादही मागता येत नसे. मात्र अडचणीच्या काळी कामगाराला कर्ज देणारा, खोली मिळवून देणारा व वरिष्ठांपुढे त्याची बाजू मांडणारा माणूसही पुष्कळदा तोच असे. त्यामुळे जॉबरविषयी कामगारांच्या मनात भीती व भरवसा या दोन्ही भावना एकत्र नांदत.

कापूसपट्टा व नांदुरा : नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर व जलंब यांच्या दरम्यान वसलेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा इंग्लंडला होणारा पुरवठा खुंटला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. जलंबहून खामगावकडे जाणारा फाटा १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. लोहमार्गालगतच्या गावांतून पुढे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले; खामगाव, शेगाव, मलकापूर व नांदुरा ही त्यांपैकी काही गावे होत.

या कारखान्यांचे कामगारविषयक स्वरूप कापड गिरण्यांहून मुळातच वेगळे होते. कापूस घरी येऊ लागल्यावर, म्हणजे साधारणतः दिवाळीच्या सुमारास, जिन सुरू होत आणि आवक संपताच उन्हाळ्यात बंद पडत. कापूस निवडणे व यंत्राला पुरविणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करीत. गाठी बांधणे व वाहणे हे हमालांचे काम असे. तांत्रिक कामासाठी फिटर व इंजिनचालक असे मोजकेच लोक लागत. उरलेले मनुष्यबळ शेतमजूर कुटुंबांतून येई व हंगाम संपताच शेतीकडे परत जाई. अशा कारखान्यात दरवर्षी नव्याने माणसे जमवावी लागत असल्यामुळे भरतीचे काम गावोगाव ओळखी असलेल्या मुकादमाकडे जाणे स्वाभाविक होते.

कारखानाविषयक पहिल्या कायद्यांचे लक्षही हंगामी कारखान्यांकडे गेले नाही. १८८१ चा कारखाना अधिनियम शंभर किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या यांत्रिक कारखान्यांपुरता होता आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ न चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर होते. वऱ्हाड हा निजामाच्या मालकीचा, परंतु १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली असलेला प्रदेश असल्याने तेथे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे शेजारच्या खानदेशातील जिनांमधील कामाच्या दीर्घ वेळांविषयी साक्षी झाल्या. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत येण्यास मात्र १९११ चा अधिनियम उजाडावा लागला.

कामगारांच्या मागण्या : याच आयोगासमोर मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी मागण्यांचे निवेदन मांडले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, कामाच्या वेळेवर मर्यादा, ठराविक तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई, या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. रविवारच्या सुटीची मागणी मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. या मागण्यांची यादी पुढील काळातील कर्मचारी अधिकाऱ्याच्या कर्तव्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळते. व्यवस्थापनाने ज्या गोष्टी नंतर आपले शास्त्र म्हणून स्वीकारल्या, त्यांपैकी बऱ्याच प्रथम कामगारांनी तक्रार म्हणून मांडलेल्या होत्या.

मालकांच्या बाजूने विदर्भातच एक उल्लेखनीय प्रयोग झाला. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांच्या काळात गिरणीने नियमित हजेरीसाठी बक्षिसे देण्यास प्रारंभ केला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघाताबद्दल भरपाई व १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी अशा सोयीही केल्या. नागपूर लोहमार्गाने नांदुऱ्याला जोडलेले होते व वऱ्हाडचा कापूस दोहोंना सामाईक होता; परंतु बारमाही गिरणीला स्थिर कामगारवर्ग हवा होता, तर जिनाला चार-पाच महिन्यांपुरता. कामगार टिकवून ठेवण्याची गरज जेथे होती, तेथेच कल्याणाच्या योजना रुजल्या.

परदेशांतील विकास : इंग्लंडमध्ये यॉर्क येथील राउंट्री कोको कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्री-कामगारांच्या देखरेखीसाठी कल्याण पर्यवेक्षिका नेमल्या. १९१३ मध्ये यॉर्क येथेच अशा कार्यकर्त्यांची संघटना स्थापन झाली व पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे या पदाचा प्रसार झाला. अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून कामगाराची उत्पादकता केवळ प्रकाश, वेळ व वेतन यांवर नव्हे, तर गटातील संबंधांवरही अवलंबून असते, असा विचार पुढे आला. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवस्थापनविषयक ग्रंथात माणूस हे संस्थेचे एक साधन असले, तरी ते कसे वापरले जावे यावर स्वतःचे नियंत्रण असणारे साधन आहे, अशी मांडणी केली. भारतातील पदाची जडणघडण या विचारांमुळे झाली, त्याहून अधिक संप आणि कायदे यांमुळे झाली.

व्हिटली आयोग : मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपानंतर, १९२९ मध्ये, जे. एच्. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील श्रमविषयक शाही आयोग नेमण्यात आला. नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सदस्य होते. आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातील भरतीचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली आणि त्याच्या जागी कामगार अधिकारी हे पद सुचविले. हा अधिकारी कारखान्याच्या महाव्यवस्थापकाखेरीज अन्य कोणाच्याही हाताखाली नसावा. खातेप्रमुखांच्या सल्ल्याने सर्व भरती त्याने स्वतः करावी. त्याच्या संमतीवाचून, खुद्द व्यवस्थापकाव्यतिरिक्त, कोणीही कामगाराला काढून टाकू नये, असे आयोगाचे मत होते. सचोटी, व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणसे ओळखण्याची हातोटी व भाषांची जाण हे गुण आयोगाने या पदासाठी आवश्यक मानले. पदवी वा परीक्षेचा उल्लेख या गुणांत नव्हता. कामगाराची भाषा येणे मात्र होते.

१९३४ च्या संपानंतर मुंबई सरकारने व्यापारविषयक तंट्यांच्या समेटासाठी कायदा केला व त्यान्वये गिरणी कामगारांच्या तक्रारी मांडण्यासाठी शासकीय कामगार अधिकारी नेमण्यात आला. गिरणीमालक संघानेही स्वतःचा कामगार अधिकारी नेमला. १९३५ मध्ये संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू केली. तीनुसार प्रत्येक बदली कामगाराला ओळखपत्र देण्यात येई व रिकाम्या जागी त्यांतूनच माणूस घ्यावा लागे. जॉबरच्या मर्जीच्या जागी नोंदवही आणण्याचा हा प्रयत्न होता. जॉबरचे वर्चस्व त्यामुळे लगेच संपले नाही; पण भरतीचा निर्णय लेखी असावा व तो तपासता यावा, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

वैधानिक पात्रता : मुंबईच्या १९३८ व १९४६ च्या औद्योगिक संबंधविषयक कायद्यांनी, १९४६ च्या स्थायी आदेश अधिनियमाने आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगारविषयक व्यवहार नियमबद्ध केले. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४९ अन्वये पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले आणि त्याची कर्तव्ये, पात्रता व सेवाशर्ती ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांना मिळाला. या कलमाखालील नियमांत सर्वसाधारणपणे तीन अटी घालण्यात आल्या : मान्य विद्यापीठाची पदवी, समाजकार्य वा समाजविज्ञानातील मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका, आणि कारखान्यातील बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान. व्हिटली आयोगाला अभिप्रेत असलेला भाषेचा गुण अशा प्रकारे नियमांत उतरला.

या पात्रतेसाठी लागणारे शिक्षण मुंबईत आधीच सुरू झाले होते. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय स्थापन केले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक होत. हेच विद्यालय १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. मुंबई सरकारने १९४७ मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट सुरू केली; पुढे तिचे रूपांतर महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्थेत होऊन तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव देण्यात आले. गिरणी कामगारांच्या मागण्या मांडणाऱ्या पुढाऱ्याच्या नावाच्या संस्थेत कामगारविषयक अधिकारी तयार व्हावेत, ही या इतिहासाशी सुसंगत अशी घटना होय. कलकत्ता येथे १९४८ मध्ये व मुंबई येथे १९५० मध्ये या व्यवसायातील अधिकाऱ्यांच्या संघटना निघाल्या. १९८० मध्ये त्यांचे विलीनीकरण होऊन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट ही संस्था अस्तित्वात आली.

दुहेरी भूमिका : कल्याण अधिकाऱ्याचा पगार मालक देई, परंतु त्याची कर्तव्ये शासन ठरवी. त्याने कामगारांच्या गाऱ्हाण्यांकडे व्यवस्थापनाचे लक्ष वेधावे, कामगारांचा दृष्टिकोन समजावून घेऊन धोरण ठरविण्यास साहाय्य करावे आणि कायदेशीर संप वा टाळेबंदीच्या काळात तटस्थ राहावे, अशी अपेक्षा होती. कामगाराविरुद्धची शिस्तविषयक प्रकरणे त्याने हाताळू नयेत व न्यायाधिकरणापुढे व्यवस्थापनाच्या बाजूने उभे राहू नये, असाही दंडक अनेक नियमांत होता. प्रत्यक्षात मात्र बहुतेक कारखान्यांत हाच अधिकारी सकाळी गाऱ्हाणी ऐके व दुपारी आरोपपत्रे तयार करी. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात या विसंगतीची दखल घेतली. कल्याण अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने कामगार तंटे हाताळण्यास लावू नये, असे मत त्याने नोंदविले.

परिणामी मोठ्या उद्योगसंस्थांत दोन वेगळी पदे निर्माण झाली : कायद्याने आवश्यक असलेला कल्याण अधिकारी आणि मालकाने आपल्या सोयीने नेमलेला कर्मचारी व्यवस्थापक. पहिल्याची पात्रता नियमांनी बांधलेली होती, तर दुसऱ्याची मोकळी. वाटाघाटी, वेतनकरार व शिस्त हे अधिकार दुसऱ्याकडे गेले आणि उच्च व्यवस्थापनाकडे जाण्याची वाटही त्यालाच मिळाली. कायद्याने ज्याला निःपक्षपाती राहण्यास सांगितले, त्याचे महत्त्व कमी होत गेले.

महाराष्ट्रातील कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत १९७१ मध्ये झालेल्या कायद्याने या व्यवस्थापकाच्या निर्णयांना एक महत्त्वाची मर्यादा घातली. कामगारांना कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते म्हणून ठेवणे ही त्या कायद्यानुसार अनुचित प्रथा ठरली. तथापि मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगारांचा असंतोष धुमसतच राहिला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातील मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९३५ च्या नोंदवहीने जॉबरची मर्जी आटोक्यात आणली. परंतु पुरेसे व कायमचे काम देणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

मनुष्यबळ विकास : १९७४–७५ च्या सुमारास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीसाठी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक व टी. व्ही. राव यांनी मनुष्यबळ विकासाची पद्धती आखून दिली. कामाचे मूल्यमापन, समुपदेशन, प्रशिक्षण व भावी जबाबदाऱ्यांसाठी माणसे घडविणे या गोष्टी एका स्वतंत्र विभागाकडे सोपविण्याचा भारतातील हा आरंभीचा प्रयोग मानला जातो. १९८५ मध्ये केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाचे नाव मनुष्यबळ विकास मंत्रालय असे झाले (२०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले) व ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांमुळे माहिती तंत्रज्ञान, बँका व सेवा उद्योग वाढले, तेव्हा कामगार तंट्यांपेक्षा कुशल माणसे मिळविणे व टिकविणे हा प्रश्न पुढे आला. कर्मचारी व्यवस्थापकाचा मनुष्यबळ संचालक झाला तो या टप्प्यावर.

पात्रता व अधिकार : मनुष्यबळ संचालकाची पात्रता आजही कोणत्याही सर्वसाधारण कायद्याने ठरविलेली नाही. कर्मचारी व्यवस्थापन, श्रमविज्ञान, समाजकार्य वा व्यवसाय व्यवस्थापन यांतील पदव्युत्तर शिक्षण, श्रमविषयक कायद्यांचे ज्ञान आणि दीर्घ अनुभव यांची अपेक्षा नियोक्ते सामान्यतः करतात. ती प्रथा आहे, नियम नव्हे. ‘संचालक’ या शब्दाचाही येथे विचार करावा लागतो. २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार संचालक म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळावर नेमलेली व्यक्ती. मंडळावर नसलेल्या अधिकाऱ्याला संचालक हे पदनाम दिले, तरी तो त्या अर्थाने संचालक ठरत नाही. त्याच कायद्यातील प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तींच्या व्याख्येत मुख्य कार्यकारी अधिकारी, कंपनी सचिव व मुख्य वित्त अधिकारी यांचा नामनिर्देश आहे; मनुष्यबळप्रमुखाचा नाही. हिशेबांची जबाबदारी कोणावर, हे कायदा नावानिशी सांगतो. माणसांची जबाबदारी कोणावर, हे सांगणे तो कंपनीवर सोडतो. त्यामुळे मंडळात प्रत्यक्ष स्थान आहे की नाही, यावरून या अधिकाऱ्याचे खरे वजन ठरते. नोकरकपातीच्या निर्णयात भाग घेणारा संचालक आणि तो निर्णय केवळ कळविणारा अधिकारी यांत मोठा फरक आहे.

हंगामी कारखान्यांची स्थिती : मुंबईत हे पद जॉबरपासून संचालकापर्यंत विकसित होत असता कापूसपट्ट्यातील जिन या प्रवाहाबाहेरच राहिले. १९३४ च्या कारखाना अधिनियमाने हंगामी व बारमाही असे दोन वर्ग केले; बारमाही कारखान्यात दिवसाला १० व आठवड्याला ५४ तासांची, तर हंगामी कारखान्यात अनुक्रमे ११ व ६० तासांची मर्यादा घातली. १९४८ च्या अधिनियमाने हा भेद काढून आठवड्याला ४८ तास ही मर्यादा सर्वांना लागू केली. त्याच अधिनियमातील एक कलम तर खास कापूस दाबण्याच्या कारखान्यांविषयी होते : कापूस मोकळा करण्याचे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवण्यास मनाई करण्यात आली. परंतु कल्याण अधिकाऱ्यासाठीची पाचशे कामगारांची अट जिनांच्या सर्वसामान्य आकारापलीकडची होती. म्हणजे स्त्री-कामगारांसाठी नियम होते. ते पाळले जातात की नाही हे कारखान्यात राहून पाहणारा अधिकारी नव्हता. ते काम अधूनमधून येणाऱ्या शासकीय निरीक्षकावर सोपविलेले राहिले.

इतर कायद्यांतही हंगामी कामगाराचे स्थान वेगळे राहिले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व गाठी बांधणे यांचा नावानिशी समावेश झाला. औद्योगिक विवाद अधिनियमातील कामबंदीच्या काळातील भरपाईची तरतूद हंगामी आस्थापनांना लागू नव्हती. १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमात बारमाही कामगाराला प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल पंधरा दिवसांचे वेतन धरले गेले, तर हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामाबद्दल सात दिवसांचे. एवढा हक्क मिळविण्यासाठीही कोणत्या बाईने किती हंगाम काम केले याची विश्वसनीय नोंद हवी. आणि हजेरी मुकादमाच्या वहीत असेल, तर ती नोंद त्याच्याच प्रामाणिकपणावर अवलंबून राहते. पात्र अधिकाऱ्याची उणीव येथे सर्वांत अधिक जाणवते.

माथाडी मंडळांचा मार्ग : पेठांतील हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने वेगळा उपाय शोधला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यान्वये शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन करण्यात येतात. मंडळाकडे कामगाराची व मालकाचीही नोंदणी होते. मालक मजुरी व तीवरील ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी चुकती करते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा व वैद्यकीय मदत यांची तरतूद करते. एकाच मालकाकडे कायम नोकरी नसलेल्या माणसालाही नोंद, नियमित मजुरी व निवृत्तीची तरतूद मिळू शकते, हे या योजनेने दाखवून दिले. मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभाग जे करतो, त्यातील बराच भाग येथे एका त्रिपक्षीय मंडळाने पेठेसाठी केला. मात्र जिनात कापूस पुरविणाऱ्या स्त्रियांचे काम ओझे वाहण्याचे नसून यंत्रावरचे असल्याने या व्यवस्थेचा मुख्य लाभ हमालांनाच झाला.

राज्य शासनाने १९७१ च्या कायद्यान्वये सुरू केलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेमुळे कापसाची खरेदी व त्यावरील प्रक्रिया काही दशके राज्याच्या नियंत्रणाखाली आली. जिनांना मिळणारे काम त्यामुळे योजनेच्या खरेदीशी बांधले गेले. कामगारांच्या भरतीची पद्धत मात्र मुळात हंगामीच राहिली. पुढे आधुनिक यंत्रे आली, कापूस वाहून नेण्याची काही कामे यांत्रिक झाली व दर कारखान्यामागे लागणाऱ्या मजुरांची संख्या घटली. तेव्हा पाचशेची अट आणखी दूर गेली.

संहितांनंतरची स्थिती : केंद्र शासनाने जुने श्रमविषयक कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठीची संख्या पाचशेवरून अडीचशेवर आणली. त्याच वेळी वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या दहावरून वीस झाली, तर औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांसाठी तीनशे कामगारांची अट ठेवली. दुसरीकडे, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली गाऱ्हाणे निवारण समिती आवश्यक केली असून तीत स्त्रियांना पुरेसे प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. कार्यस्थळी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियमही दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमण्यास सांगतो.

या तरतुदींमुळे नांदुऱ्यासारख्या ठिकाणच्या जिनमालकावर, कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन नसतानाही, मनुष्यबळविषयक कर्तव्ये येतात : समिती नेमणे, हंगामवार नोंदी ठेवणे, वेतन मुदतीत देणे आणि स्त्रियांच्या तक्रारींची चौकशी करणे. ती पार पाडण्यास संचालकाची गरज नाही. परंतु मुकादमाहून वेगळी, कायदा जाणणारी व लेखी नोंदीस जबाबदार असलेली एक व्यक्ती लागते. अनेक छोट्या कारखान्यांनी मिळून असा अधिकारी नेमणे किंवा माथाडी मंडळाच्या धर्तीवर सामाईक व्यवस्था उभारणे हे दोन मार्ग संभवतात. व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये सांगितलेल्या पात्रतेपैकी सचोटी, माणसांची पारख व कामगाराची भाषा हे तीन गुण अशा व्यक्तीलाही तितकेच आवश्यक आहेत. जिनाच्या बाबतीत हंगामाची व शेतीच्या कामांची माहिती ही चौथी पात्रता त्यांत मिळवावी लागेल.